बाभळीला बांधलेली तार

हिंगोलीच्या स्टँडवर सोजराबाई औंढ्याच्या एसटीच्या रांगेत उभी होती. नवरा पुरात गेल्यापासून ती चारचौघांत मान वर करत नसे. पुढं दोघं बोलत होते.

"रामकिशन, हात काळे काहून रे?"

"साहेबाच्या लाल गाडीत वायरलेस बसवून राहिलो. एरियल बसली, तार ओढायची राहिली."

"त्या दोन माणसाच्या शर्यतीच्या गाडीत?"

"सरकारी जीप पुरात गेली ना. तिच्यातलाच सेट हाय, वाळवून घेतला. तार तेवढी नवी."

"जुनी कुजली?"

"जुनी जीपमधी नव्हतीच. नदीकाठच्या बाभळीला बांधलेली घावली. तिच्या दुसऱ्या टोकाला लेकरू होतं."

"मेलेलं?"

"न्हाई, जितं. जीपच्या डायवरनं तार उपसून माझ्या कमरेला बांधली, म्हणतंय. मंग डायवर लेकराच्या मायला आणाया पाण्यात गेला. दोघंबी घावले न्हाईत."

"हापिसात तर म्हणतेत, पिऊन झोपला, म्हणून त्यानं वायरलेसवर पुराची खबर दिली न्हाई."

"तारच काढली, तर खबर कशी जाईल?"

"साहेबाला सांगितलं का?"

"सांगितलं. म्हणले, तू तुझी तार ओढ."

एसटी लागली. रांग सरकली, पण सोजराबाई जागची हलली नाही. मागच्या बाईनं ढोसलं तशी ती पुढं झाली आणि तिनं रामकिशनची बाही धरली.

"दादा, मी त्या डायवरची बायको. ते लेकरू कोण्या गावात हाय?"