चावी द्यायचीय

...आणि वर मलाच विचारतात, ‘ताई, बोर्डावर लिहिलंय ना, वाचलं नाहीत?’ अहो, वाचलं की! त्या संग्रहालयात दारापासून संडासापर्यंत बोर्डच बोर्ड! पिशव्या बाहेर ठेवा, पाणी पिऊ नका, भिंतीला टेकू नका, मोठ्यानं बोलू नका... श्वास घेऊ नका, एवढंच लिहायचं राहिलंय! आणि लिहिलं असतं तर आमच्या अण्णांनी तेही पाळलं असतं, इतका शिस्तीचा माणूस!

अण्णा म्हणजे माझे वडील. तुम्हाला सांगते, कारखान्याच्या मोठ्या घड्याळाला एकतीस वर्षं रोज सकाळी चावी द्यायचे. मी जन्मले त्या दिवशीसुद्धा आधी घड्याळाला चावी, मग दवाखाना! आई मरेपर्यंत ऐकवायची त्यांना. पुढे कारखाना बुडाला, घड्याळ संग्रहालयात गेलं, चावी राहिली अण्णांच्या खिशात. आणि आता डॉक्टर म्हणाले, ‘फार तर महिना काढतील.’ अण्णांचं एकच टुमणं, ‘एकदा चावी देऊन येतो गं. टोले ऐकले की मी मोकळा.’

गेलो. खिडकीवरची बाई काय गोड हो! ‘या आजोबा, चाकांची खुर्ची देऊ? मोफत आहे. काय काम काढलंत?’

अण्णा म्हणाले, ‘घड्याळाला चावी द्यायचीय.’

‘अय्या, द्यायचीय?’ तिनं टुणकन फॉर्म काढला. ‘इथे सही करा.’ मला वाटलं, एवढे नियम, तर चावी फिरवायलाही फॉर्म असणारच! अक्षर मुंगीएवढं, माझा चष्मा पिशवीत, पिशवी बाहेर... का? बोर्डावर लिहिलंय ना! अण्णांनी सही केली, तिनं चावी पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि टाळ्या वाजवल्या!

म्हटलं, टाळ्या कशाला? तर म्हणते, ‘देणगी दिलीत ना!’

अगं बाई, तशी नाही द्यायची, अश्शी द्यायचीय! मी हवेत मनगट फिरवून दाखवतेय, आणि ती म्हणते, ‘नोंद झाली ताई. दिलेली वस्तू परत मिळत नाही. बोर्डावर लिहिलंय ना!’

वर नेलं अण्णांना. समोर घड्याळ, सव्वासातावर मेलेलं. त्यांनी नुसता हात पुढे केला, तर पहारेकरी धावला, ‘ओ आजोबा, हात नाही लावायचा!’ एकतीस वर्षं हो... अण्णांनी हात मांडीवर ठेवला. भांडले नाहीत. भांडायला हवं होतं! मी भांडले, तर ‘ताई, हळू, बोर्डावर...’ अण्णा एवढंच म्हणाले, ‘चल. पाळी संपली.’

नवव्या दिवशी गेले. टोले ऐकायचे राहिलेच.

काल संग्रहालयाचं पत्र आलं. जाड कागद, सोनेरी शिक्का. ‘आपल्या वडिलांनी उदार मनाने दिलेल्या चावीबद्दल आभार. सदर घड्याळ सुरू करण्याचा मानस आहे. चावी देणारी कोणी जाणकार व्यक्ती माहितीत असल्यास कळवावे.’

आता हसावं की रडावं? रडले. पोटभर रडले. मग कार्ड घेतलं आणि कळवलं, ‘होती एक व्यक्ती. चावी देऊन गेली.’