सिंहासनाखालची गादी

हॅलो?... हॅलो, कोण?... अय्या, विहीणबाई! बोला, बोला कमलाताई... छे हो, कसलं काम. फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते...

हो, पाहिला ना फोटो. हॉलवाल्याने पाठवलेला तोच ना?... सुंदर! आम्ही जन्मभर रत्नागिरीत, पण मिरजोळ्यात असा हॉल आहे हे ठाऊक नव्हतं. तुम्ही जयगडला बसून शोधलात... अहो, खरंच सांगते. रिसेप्शन तुमच्याकडचं, पण पाहुणे आमचेसुद्धा बघत राहतील...

हो, हो, रिसेप्शनमधलं संगीत आमच्याकडे. ठरलं तसंच, दत्तारामबुवांचं कीर्तन... तुम्ही ऐकलं नाहीत ना त्यांना कधी? काय सांगू! गेल्या उत्सवात पाठवणीचं आख्यान लावलं होतं. भटारखान्यातल्या बायका पदर डोळ्याला लावून बाहेर येऊन उभ्या, आणि आत भात खाली लागला! करपका भात वाढला सगळ्यांना... नाही हो, एक माणूस बोलला नाही! मध्येच वीज गेली, माईक बंद. बुवांनी नुसत्या झांजेवर धरलं ते धरलं. मागच्या भिंतीपर्यंत शब्द न् शब्द...

काय?... नाही, आवाज कुठे पडलाय? बरी आहे मी... जेवले की... बरं, नाही जेवले. अहो ऐका ना, एक विचारू?... रागावणार नाही ना?... नको, राहू दे... नाही नाही, जेवणाच्या बेताचं नाही! तो झकासच आहे...

ती स्टेजवरची सिंहासनं. योगिनी-निहारची... छानच आहेत हो, लाल मखमल, सोनेरी पाय! पण बुवांची गादी हॉलवाला खाली टाकतोय. आईस्क्रीमच्या टेबलाशेजारी... अहो, बसायची गादी नव्हे! कीर्तनकार उभा राहतो ना, त्या जागेला नारदांची गादी म्हणायचं. तिथे उभा असेपर्यंत तो राजालाही वाकत नाही. आणि तिच्यापेक्षा उंच कोणी बसायचं नाही. ऐकणारे सगळे खाली, जाजमावर...

हो, सगळे... नवरा-नवरीसुद्धा...

रागावलात ना विहीणबाई?... रागावा, हक्कच आहे तुमचा.

चूक माझीच हो. बुवांची तारीख मिळाली याच आनंदात मी. रिसेप्शनला सिंहासनं असतात, हे डोक्यातच आलं नाही... बुवा? काल इथे कीर्तनाला आले होते, तेव्हा दाखवला त्यांना हॉलचा फोटो... मुळीच रागावले नाहीत! हसले. म्हणाले, "मुलं त्या दिवशी लक्ष्मीनारायण. वर बसू देत. मी खाली उभा राहतो, गादी तेवढी नका टाकू"... हो ना! बघा केवढं मन. मुलांनाही उठवायचं नाही आणि गादीलाही कमीपणा नको. स्वतःच्या मानाचं अवाक्षर नाही. तेव्हापासून घास गिळवत नाहीये मला...

म्हणून म्हटलं... गादी स्टेजवर टाकली आणि कीर्तनाची आरती होईपर्यंत मुलं खाली बसली तर? मग बसू देत की सिंहासनावर, फोटो, रांग, सगळं करू... नाही, तुमची माणसं काय म्हणतील ते कळतं मला. नवरदेवाला जमिनीवर बसवलंनीत म्हणतील...

कोणाला देताय?... निहार! बोल बाळा... स्पीकरवर होतं? सगळं ऐकलंस?... अरे, पण मांडी घालून? त्या सुटात?... उसवला तर उसवला? शिंपी तुझ्या ओळखीचा का रे!... गुणी रे बाबा माझा. आमच्या पोरीने नवरा शोधलान तो डोळे उघडे ठेवून... दे, दे आईला.

हां विहीणबाई... योगिनीचं काय?... अगोबाई! खरंच की, तो घागरा! कांबी घातल्यासारखा चहूकडून उभा राहतो, त्यात ती बसणार कशी?... नाही नाही, परत मुळीच करायचा नाही, तुम्ही हौसेने घेतलात! आरतीनंतर घालेल की... आणि कीर्तनाला?... तुमचं नऊवारी? लग्नातलं?... आणि नेसवायला तुम्ही स्वतः...

किती हो कराल माझ्या पोरीसाठी!

हो, आपण दोघी पुढेच बसू. मुलांच्या मागे. बुवांनी पद टाकलं की उचलायचं हं, लाजायचं नाही... येतं हो, सगळ्यांना येतं!

कोणी, मी? छे, मी नाही कळवणार बुवांना. तुम्ही करा फोन. नवरदेवाच्या आईचा शब्द तो... काय बोलायचं त्यात? "गादी स्टेजवर टाकतोय, या" एवढंच म्हणा... हो, नंबर पाठवते. आत्ताच करा, मग पूजेला बसतात ते... हो हो, जेवते. आता जेवते. ठेवा तुम्ही.