टिकाराम काकाच्या खोलीतली चिच

रामराम सगळ्यांले. केशोरीहून पाहुणे आले, काकाच्या सोबतचे ड्रायव्हर लोकं कोहमाऱ्याच्या चौकात गाड्या लावून आले. सगळ्यांले रामराम.

मी बंटी, काकाच्या गल्लीतलाच पोरगा. लग्नाच्या मांडवात लाईट लावतो. मी माईक धरला का लोकं हसायच्या तयारीनंच बसतात. आताही मांगं दोघं-तिघं तसेच बसून आहेत, दिसून राहिले मले. पण आज माझ्याजवळ काहीच नाही बाप्पा. कुठून बोलू?

काका गेले. खोलीतून कोणी "बंट्या, मेला का बे?" म्हणून आवाज देत नाही. बस, एवढंच झालं. न् एवढंच सहन होऊन नाही राहिलं.

ज्यायले माहीत नाही त्यायले सांगतो. काकाचा ट्रक रायपूर रोडले पलटला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग मेलं. मांगची खोली, एक खाट, एक खिडकी, न् खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. ज्या माणसानं सारी जिंदगी काचेतून रोड पाहिला, त्याले पाहायले भिंत.

एक दिवस काकूनं मच्छीच्या रस्स्यासाठी चिच कोळली. काकानं त्यातला चिचोका उचलला, तोंडात घोळवला, न् खाटेजवळच्या डालड्याच्या डब्यात मातीत खुपसला. निघाला कोंब! पण खोलीत उजेड कुठून येईल? झाड बारीक, लांबच लांब, खिडकीकडं मान वाकडी करून उभं. काका म्हणे, "बंट्या, याचं न् माझं एकच आहे बे. दोघंही भिंतीकडं पाहून राहिलो."

मी म्हटलं, "काऊन फिकर करता काका? लाईट तं माझ्या बापाची हाय." मांडवाची पट्टी आणून लावली. झगमग, झगमग. काका म्हणे, "झाडाचं लगन लावतं का बे?" त्या पट्टीनं काही झालं नाही. पाहायले मस्त, पण झाडाच्या पोटात काही जाये नाही.

मग आमी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. बोलणारा इंग्रजी. मी नववी नापास, काका चौथी. बोलणं सोडून दिलं, त्याचे हात पाहून शिकलो. नागपूरहून लाल न् निळे जाडे एलईडी आणले. ते तापतात, न् तापले का मरतात. त्यायच्या पाठीले अल्युमिनम पाहिजे. आमी काकूचं भाताचं पातेलं, तो अल्युमिनमचा गंज, कापला. काकूनं तेव्हा जे ऐकवलं ते माईकवर सांगता येत नाही.

लाईट लागली. सारी खोली जांभळी. खिडकीसमोरच्या भिंतीवरून गल्लीपर्यंत जांभळा उजेड. लोकं मले विचारत, "काय गा, टिकारामच्या घरी काय आहे?" मी काय सरळ सांगणार? म्हटलं, "काकाच्या अंगात आलं. हात डोक्यावर ठेवते तं अडलेलं काम होते." दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन लोकं दारात! काका पण काका होते. खाटेवरून डोळे मिटून आशीर्वाद दिले, न् लोकं गेल्यावर म्हणे, "फोड बे, खोबरं काढ." हसू नका. नारळवाले दोघं इथंच बसून आहेत, नाव घेत नाही.

मग आमची चूक झाली. आमाले वाटलं, जेवढा उजेड जास्त तेवढं झाड जास्त. दिवसरात लाईट चालू ठेवली. काका त्याच खोलीत, डोळ्यावर दुपट्टा बांधून. चिचेचे पत्ते संध्याकाळी मिटतात ना? ते मिटेनात. मग गळून राहिले. काकू दारात उभ्या राहिल्या न् म्हणाल्या, "तुमी कास्तकाराचेच ना? रोडच्या लाईटच्या खांबाखालचा धान कधी लोंबीवर येते काय? सारी बांधी पिकते, न् तेवढाच हिरवा उभा राहते. त्याले रात पाहिजे." काकानं माझ्याकडं पाहिलं, मी काकाकडं. खरंच तं होतं. त्या दिवसापासून अंधार पडला का लाईट बंद. झाड झोपे, न् बऱ्याच दिवसांनी काकाही झोपे.

आता जे बोलतो, ते बोलायले जड जाऊन राहिलं.

लाईट काका स्वतः बनवत. छातीवर पाट, हातात सोल्डरगन. माझा हात हले, त्यायचा हले नाही. एक दिवस खोलीत जळल्याचा वास आला. काका म्हणे, "कोणाचं जळून राहिलं रे?" मी पाहिलं. सोल्डरचा वितळलेला रांगा त्यायच्या मांडीवर पडला होता. चामडी जळून राहिली होती न् माणसाले पत्ताच नाही. मी म्हटलं, "काका, तुमचंच." ते हसले. म्हणे, "चांगलं आहे ना, दुखत नाही." मले नाही हसता आलं. दुसऱ्या दिवशी मी ट्रकच्या चाकामांगचं जाड रबर आणून त्यायच्या पायावर टाकलं. तो फोड भरला. मी रोज पाहत होतो. भरला.

पण नंतर पाठीच्या जखमा चिघळल्या न् ताप चढला. डॉक्टर म्हणाले, पडून पडून होतात त्या जखमा. मोठे काका म्हणतात, या लाईटच्या नादानं भाऊ गेला. म्हणतात, चिचेखाली कोणी झोपत नाही, न् यायनं चिच उशाशी ठेवली. तेरवी झाली का झाड न् लाईट दोन्ही फेकून देतो म्हणतात.

मोठे काका, मी तुमच्याशी भांडत नाही. तुमचा सख्खा भाऊ गेला. मी कोण? रात झाली का मीही विचार करतो. त्या मांडीच्या फोडातूनच तं नाही ना अंगात काही गेलं? डॉक्टर नाही म्हणाले, तरी विचार जात नाही. तुमाले जे वाटते तेच मलेही वाटते कधी कधी. पण मले दुसरंही आठवते. लाईट बनवायच्या पहिले काका भिंतीकडं तोंड करून मले म्हणत, "बंट्या, एखादी दवाई आण बे, संपवून टाकू." ती गोष्ट झाड आल्यावर बंद झाली. याचा हिशोब कोण्या डॉक्टरले विचारू?

न् फेकलं तं ते मरते. या उन्हात लगेच बाहेर लावलं तरी मरते. त्यानं ऊन पाहिलंच नाही कधी. पहिले सावलीत, मग थोडं सकाळचं ऊन, असं हळूहळू शिकवावं लागते.

काकू, तुमाले कोणी विचारलंच नाही. तुमी सांगा. काय म्हणता? ...जोरानं बोला काकू. ...बरं.

काकू म्हणतात, "फेकू नका. पण मले ती लाईट आता पाहवत नाही."

ठीक आहे काकू. तुमच्या खोलीत ती लागणार नाही. झाड न् लाईट माझ्या घरी नेतो. आजच नेतो. बाहेरच्या उन्हाले टिकलं तं तुमी म्हणाल तिथं लावू, नाही टिकलं तं मीच सांगायले येईन. पण झाड वाढलं, आता तो डालड्याचा डबा नाही राहिला, ड्रम झाला. एकट्याच्यानं उचलत नाही. मोठे काका, एका बाजूनं तुमी हात लावाल काय?

...मुंडी हलवली त्यायनं. हो म्हणाले का नाही, मले समजलं नाही. मी दारात थांबून राहीन.

आता काकासाठी जराशेक चूप बसू. उठू नका, कोणीच उठू नका. खाटेजवळ कोणी उभं राहिलं का काका म्हणत, "बस ना बे, वर पाहून मान दुखते."

बसा. बसूनच.