जाईच्या हाताचं माप

नाही काकू, उठू नका, ते दार पोलिसांच्या माणसांसाठी आहे — नरेश बाहेर येईल तो इकडूनच येईल, मी विचारलंय काउंटरवर. बसा. कॉफी घ्या, निदान दोन घोट. काल दुपारी विमानतळावर उतरलात, तेव्हापासून पोटात काही नाही तुमच्या. आणि ती गोळ्यांची स्ट्रिप किती वेळ मुठीत धरून बसणार? — हो, काकांच्या बीपीच्या, कळलं मला. नरेश घाईत विसरला. देऊ आपण आत, कुणीतरी नेईल.

मी धावत आले कारण — शेजारी नाही का आपण? इथे सिंगापुरात, क्वीन्सटाउनला, सात वर्षं तुमच्या नरेशचं दार आणि आमचं दार समोरासमोर. मागच्या खेपेला काका दोन महिने राहिले, तर आमची जाई त्यांना एमआरटीच्या गाडीनं सगळीकडे फिरवायची. ‘आजोबा, not this side lah’ म्हणून हाताला धरून ओढायची. त्या माणसाच्या बॅगेत पिस्तुलाचा पार्ट! कुणाला तरी खरं वाटेल का? कुरडयांच्या डब्यात! नरेश सांगत होता, कस्टमवाल्यांनी एकेक कुरडई उचलून टेबलावर मांडली म्हणे. खाली ती लाकडी मूठ आणि तो लोखंडी तुकडा.

ट्रिगर, काकू. तुकडा नाही, ट्रिगर.

मला कसं माहीत? जाई नेमबाजी करते ना, म्हणून. तीन वर्षं मी क्लबच्या काचेमागे बसलेय, स्वेटर विणत. दहावी झालेली बाई मी, मला कोण शिकवणार, पण बघून बघून कळतं. पिस्तूल कारखान्यातून येतं ते पुरुषाच्या हाताच्या मापाचं. जाईचा पंजा एवढासा. मूठ हातात फिरते, बोटाचं पेर ट्रिगरला धड पोचत नाही — आणि तिला तीन सेकंदांत हात वर करून गोळी सोडायची असते, खाली, पुन्हा वर. मग लोक मूठ बदलून घेतात, हाताच्या मापाची. ट्रिगर मागे सरकवता येईल असा बसवतात. तो फार हलका झालेलाही चालत नाही, वजन लावून बघतात — एक किलो वजन उचललं पाहिजे त्यानं. मी घरी रव्याची पिशवी बोटाला अडकवून बघितली होती, एक किलोची. बोट पांढरं पडलं माझं.

यात चोरीचं काही नाही हो. क्लबमधून फॉर्म भरायचा, परवानगी यायची, त्यांचाच माणूस पार्ट मागवतो, तोच बसवतो, पिस्तूल त्यांच्याच कपाटात राहतं. फक्त वेळ लागतो. तीन महिने, चार महिने. आणि जाईची निवड चाचणी वीस दिवसांवर. ती म्हणाली, ‘आई, थांबू या, that's the rule.’ सतरा वर्षांच्या मुलीला कळलं.

मला नाही कळलं.

काकू, अशा बघू नका माझ्याकडे. माझा भाऊ हेमचंद्र, कोल्हापूरचा, त्याच्या ओळखीचा एक कारागीर आहे — अक्रोडाच्या लाकडाची मूठ करतो, रायफल क्लबातली पोरं त्याच्याकडेच जातात. आपण कसं, कुणी येणार असलं की मेतकूट मागवतो, कुकरची रिंग मागवतो, तसंच वाटलं मला. खरंच तसंच — नाही. तसं नाही. तसं वाटलं असतं तर मी हेमूला ‘काकांकडे मिक्सरचा पार्ट म्हणून दे’ असं का सांगितलं असतं? डब्यात कुरडयांखाली ठेव, हे मीच सांगितलं. लाकडाला चरा पडू नये म्हणून, असं म्हटलं त्याला. स्वतःलाही तेच म्हटलं.

घरी यांना माहीत नाही. जाईला तर नाहीच. यांचा नोकरीचा पास कंपनीवर, आमचा सगळ्यांचा मुक्काम त्या पासवर. आणि इथे शस्त्र म्हटलं की सुटका नाही कुणाची — तरी काका काय म्हणतायत, ठाऊक आहे? नरेशनं काल संध्याकाळी फोन केला मला, रडत. म्हणाला, ‘नीताताई, बाबा एकच धरून बसलेत — डबा माझा, सामान माझं. कुणाला वाचवतायत, कळत नाही.’ मी काय बोलले? ‘काळजी करू नकोस’ बोलले. आणि कुकर लावला.

मूठ एका कागदात गुंडाळलेली होती. तोच कागद, जो मी माप म्हणून पाठवला — जाईचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं काढलेला. खाली माझ्या अक्षरात, ‘जाई, उजवा हात’. आडनाव नाही. मराठी वाचणारा माणूस दुपारी येणार आहे त्यांचा. म्हणून मी आले, काकू. खरं सांगते, मदतीला नाही आले. हे विचारायला आले की तुम्ही म्हणाल का — जाई म्हणजे आमची पुण्यातली कुणी नात, खेळणं आहे तिचं — एवढं म्हणाल का? काका आधीच बोलून बसलेत, तुम्ही नुसतं हो म्हटलं तरी —

काय मागतेय मी. देवा, काय मागतेय.

त्या टेबलापाशी तुम्ही काकांच्या शेजारीच होतात ना? कागद उलगडला तेव्हा?

वाचलंत तुम्ही.

म्हणजे मी येण्याच्या आधीपासून — कॉफी हातात दिली तेव्हाही — आणि रात्रभर तुम्ही नरेशलासुद्धा सांगितलं नाहीत —

काकू, शिव्या द्या. हात का धरताय माझा? — हे काय? गोळ्या माझ्याकडे कशाला? मला कुठे आत सोडणार आहेत, मी कोण त्यांची —

हो.

हो, काकू. रात्रीची एक आणि आत्ताची एक, दोन्ही राहिल्यात. देते त्यांना. माझी पर्स तेवढी ठेवा, आणि जाईचा फोन आला तर — नको. उचलू नका.

एक्स्क्यूज मी, सर. दॅट बॉक्स इज माइन, सर —