जुन्या दुर्बिणीचा आकडा

आमच्या ह्यांचं ऐका. पोलादपूरच्या घरी आकाश एकदाचं निवळलं, आणि आम्हाला सकाळीच मुंबईला परतायचं होतं. दुर्बिणीतून काढलेल्या फोटोतले तारे ओळखून ती कुठे वळलीय ते लॅपटॉप सांगतो. पण दर वेळी एकच उत्तर, ‘जुळत नाही’. ह्यांनी केबल बदलली, फोकस केला, तरी तेच. कशेडीकडून ढग सरकायला लागले.

ओटीवरून सासूबाई म्हणाल्या, “किती येरझाऱ्या घालशील रे? बस जरा.”

मी सेटिंगवर बोट ठेवलं. “अहो, इथे फोकल लेंथचा आकडा जुन्या दुर्बिणीचा आहे. नवीन आणलीत ते लॅपटॉपला सांगितलंत का?”

हे वाकून आकडा बघायला लागले.

“तो कुणाला सांगतोय,” सासूबाई म्हणाल्या. “तुला लग्न करून आणायचं ठरवलंन, तेव्हा आम्हाला तरी कुठं सांगितलंन?”

आकडा बदलताच तारे जुळले. माझी मान मात्र वर होईना.