निरोपाची चाल

ताई: नाही म्हणजे नाही. खुर्ची रिकामी दिसली की बसायचं, हा काय बसस्टँड आहे?

बारक्या: मग कोण बसणार? डाव सुरू व्हायला आला, आणि तुझे ते शाळामास्तर तापानं आडवे. आत्ता तूच सांगितलंस.

ताई: शोधते कुणीतरी. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं पडद्यावर जमलीत या युद्धखेळांच्या परिषदेला. एक खेळाडू नाही का मिळणार?

बारक्या: मिळाला असता तर सकाळपासून फोनला चिकटून बसली नसतीस. आणि ताई, मी रजेवर आल्यापासून बघतोय, या खोलीत मला येऊच देत नाहीस. आलो की दार लोटून घेतेस. पूर्वी सोंगट्या घासायला मलाच बसवायचीस.

ताई: पूर्वी तू रिकामटेकडा होतास. आता फौजेतला साहेब झालास.

बारक्या: साहेब कसला, वायरलेसचं डबडं पाठीवर घेऊन फिरणारा गडी. अजून या गुलाबीच सोंगट्या का? कवळीच्या हिरडीच्या?

ताई: लॅबमध्ये कवळ्या करताना मसाला उरतो. टाकून देण्यापेक्षा सोंगट्या होतात. हात लावू नकोस, पट हलेल.

बारक्या: ही खिंड. हा पूल. पुलापलीकडे गाव. आणि ही वर एकटीच कोण बसलीय?

ताई: ते ठाणं.

बारक्या: कुठलं?

ताई: कुठलंच नाही. काल्पनिक आहे.

बारक्या: काल्पनिक ठाण्याला एकच रस्ता? आणि त्यावर दरड कोसळणारी वळणंही तशीच? ताई, मी फोनवर जे बडबडायचो तेच आहे की हे सगळं.

ताई: तू बडबडायचास आणि फोन ठेवला की मला झोप यायची नाही. मग हाताला चाळा म्हणून पट काढला. नियम केले. गेल्या परिषदेत भीत भीत मांडला. तिथे आमच्यासारखे हौशी असतात, कुणी दात करतं, कुणी शाळेत शिकवतं. आणि ज्यांचं पोटच यावर आहे तेही असतात. लष्कराच्या संस्थेत युद्धखेळ बनवणारे, त्यावर अधिकाऱ्यांना शिकवणारे. त्यातल्या एका मॅडमना माझा खेळ आवडला. म्हणाल्या, आमच्या संस्थेत खेळवू का? मला तर आकाश ठेंगणं झालं.

बारक्या: मग आता तोंड पाडून का बसलीस?

ताई: कारण त्यांच्याकडे अधिकारी खेळतात, आमच्याकडे हौशी खेळतात, आणि दोन्हीकडे एकच होतं. ठाणं सोडून देतात.

बारक्या: म्हणजे माणसं मागे बोलावतात?

ताई: नाही रे. सोडून देतात. गाड्या पुलाकडे वळवतात, आणि मग वरच्या सोंगटीकडे कुणी वळूनही बघत नाही. डाव संपला की मी ती उचलून डब्यात ठेवते.

बारक्या: दर वेळी?

ताई: अजून तरी दर वेळी.

बारक्या: बसव मला.

ताई: उद्या तू तिथेच परत चाललायस.

बारक्या: म्हणूनच म्हणतोय. सगळ्यांचं माझ्यावर खेळून झालं. आता एकदा मला खेळू दे.

ताई: कॅमेरा लावायचा नाही. नाव सांगायचं नाही. कोण आहेस, कुठे असतोस, अवाक्षर काढायचं नाही. नोकरीत असून इथे बसलास हे कळलं तर तुझ्यासकट माझीही धडगत नाही.

बारक्या: कॅमेरा नाही, नाव नाही, अवाक्षर नाही. समजलं.

(पडद्यावर मॅडम येतात. बारक्याची चौकट काळी आहे. खाली फक्त 'पाहुणा' असं लिहिलंय.)

मॅडम: माझा आवाज येतोय ना? आमच्या संस्थेचे वरिष्ठ आज निरीक्षक म्हणून बसलेत. ते फक्त ऐकतील. मास्तरांच्या जागी कोण आहे?

ताई: एक पाहुणा आहे, मॅडम. नवा आहे, पण नियम समजावलेत.

मॅडम: उत्तम. पाहुणे, तुम्ही सेनापती. शत्रूची बाजू मी खेळते. दरड कोसळायला लागली आहे. रस्ता या एका फेरीपुरताच खुला आहे. तुमच्याकडे गाड्यांचा एकच ताफा. पुलाकडे पाठवायचा की ठाण्याकडे, ते सांगा.

बारक्या: रस्ता या फेरीपुरता खुला. ताफा एक. पूल किंवा ठाणं. समजलं. पूल पडला तर?

मॅडम: गाव जातं. गावातलं इस्पितळही.

बारक्या: ताफा वर गेला नाही तर?

मॅडम: ठाणं फार टिकत नाही.

बारक्या: ताफा पुलाकडे.

ताई: अरे, जरा विचार तरी कर.

मॅडम: यजमानांनी खेळाडूशी बोलायचं नसतं, ताई.

ताई: चुकलं. माफ करा.

मॅडम: ताफा पुलाकडे गेला. आता माझी चाल. मी खिंडीतून...

बारक्या: थांबा. माझं संपलं नाही. ठाण्याला सांगायचंय.

मॅडम: काय सांगायचंय?

बारक्या: की गाड्या येत नाहीत.

मॅडम: तशी चाल या खेळात नाही.

बारक्या: ठाण्यावर वायरलेस असेल ना.

मॅडम: असेल. पण तशी चाल नाही.

बारक्या: मग वरच्यांना कळतं कसं?

मॅडम: कळत नाही.

बारक्या: म्हणजे ते गाड्यांची वाट बघत बसतात?

मॅडम: नियमांप्रमाणे ते काहीच करत नाहीत. पाहुणे, एक विचारते. सांगितलेलं परत म्हणून दाखवायची सवय हौशी खेळाडूंना नसते. तुम्ही वायरलेसवर असता का?

ताई: मॅडम, निरीक्षक ऐकतायत.

मॅडम: या क्षणाला नाही. मी त्यांच्याकडचा आवाज तोडला आहे. त्यांना वाटेल, आमच्या इमारतीतलं इंटरनेट नेहमीसारखं गेलं. थोडाच वेळ आहे आपल्याला. ताई, तुम्ही ज्याच्या बदलीसाठी मला गळ घातली होती, तो भाऊ हाच का?

बारक्या: कसली बदली?

ताई: बारक्या, आपण नंतर बोलू.

बारक्या: नंतर नाही. तू माझी बदली मागितलीस? यांच्याकडे?

ताई: मागितली. ते ठाणं पडताना इतक्यांदा बघितलंय मी की डोळे मिटले तरी दिसतं. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?

बारक्या: माझ्या जागी कोण जाणार होतं?

ताई: मला काय ठाऊक.

बारक्या: कुणीतरी गेलंच असतं. त्याच्या बहिणीला हा खेळ येत नसता, एवढाच फरक.

ताई: हो, आहे मी स्वार्थी. आई गेली तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास. तेव्हा दुसऱ्या कुणाची बहीण आली नव्हती तुला न्हाऊमाखू घालायला.

बारक्या: ते मी विसरलोय असं वाटतं तुला?

मॅडम: मी त्यांना नाही म्हटलं होतं. ते माझ्या हातात नाही. आणि खरं सांगायचं तर असतं तरी केलं नसतं.

बारक्या: बरं केलंत. मॅडम, मी पूल निवडला. परत विचारलंत तर परत पूलच. गावात माणसं आहेत. आमच्यासाठी गाव घालवा, असं वर बसून आम्हालाही वाटत नाही. पण सांगा तरी. रस्त्याकडे कान लावून बसणं काय असतं, ते मी दोन हिवाळे केलंय. नुसता वारा वाजला तरी एकजण उठून म्हणतो, आल्या. आणि आम्ही सगळे त्याच्यामागे बाहेर जातो.

मॅडम: ती चाल होती.

ताई: कुठे होती? माझ्या नियमांत नव्हती.

मॅडम: तुमच्या नव्हती. तुमचा खेळ आमच्याकडे आल्यावर मी घातली होती. महिनाभर तसा खेळवला. निरोप मिळाला की ठाणं लवकर मोकळं व्हायचं, शत्रू तिथे अडकून पडायचा नाही, आणि पूल सावरायला वेळ कमी मिळायचा. वरिष्ठ म्हणाले, याने निकाल बिघडतात, काढून टाका. मी काढली. तुम्हाला कळवलंही नाही.

ताई: निकाल बिघडतात म्हणजे? न सांगण्यातच फायदा आहे, असं?

मॅडम: पटावर, हो.

बारक्या: असं आहे होय.

मॅडम: मला तुमच्याशी खोटं बोलता आलं असतं. पण जमलं नाही.

ताई: परत घाला ती चाल.

मॅडम: संस्थेत घालता येणार नाही. इथे येईल. परिषदेत हा खेळ तुमचा आहे, नियमही तुमचे. तुम्ही बदललेत तर दुपारच्या सगळ्या टेबलांवर हौशी मंडळी तसंच खेळतील, आणि काय होतं ते निरीक्षकांना बघावंच लागेल. पण हेही ऐका. त्यानंतर आमच्याकडे हा खेळ बंद होईल. तुमचं नाव तिथून पुसलं जाईल. पुन्हा बोलावणं येईल असं मला वाटत नाही.

ताई: मला त्या बोलावण्याचा किती आनंद झाला होता, ते तुम्हाला सांगूनही पटायचं नाही. लॅबमध्ये पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

मॅडम: म्हणूनच विचार करून सांगा.

ताई: केला. लोकांचे दात पडायचे थांबलेले नाहीत, मला काम आहे. घाला ती चाल.

मॅडम: किंमत काय ठेवायची? फुकट ठेवली तर सगळेच देतील, आणि तिला काही अर्थ उरणार नाही.

बारक्या: एक फेरी. निरोप द्यायचा असेल तर त्या फेरीत सेनापतीला दुसरं काही करता येणार नाही.

मॅडम: फार महाग पडेल. पूलही जाऊ शकतो.

बारक्या: असू दे महाग. खरोखरीही स्वस्त नसणारच.

मॅडम: ठीक. आणि निरोप पोचला की ठाणं मागे फिरतं. असं लिहू?

ताई: हो. तसंच लिहा.

मॅडम: आवाज जोडते आहे. पाहुणे, तुमचं नाव मी विचारलेलं नाही, आणि तुम्हीही ते सांगितलेलं नाही. डाव पुढे चालू.

(संध्याकाळ. तीच खोली.)

ताई: दोन घास खाऊन घे. पिशवी मग भर.

बारक्या: भरून झाली. मोजे कुठे ठेवलेस?

ताई: लोकरीचे वर आहेत. बारक्या, तू रागावलायस.

बारक्या: दुपारी होतो. आता नाही.

ताई: बदलीचं पुन्हा कुणाकडे काढणार नाही.

बारक्या: काढ हवं तर. पण आधी मला विचार. माझ्या पाठीमागे माझी सोंगटी हलवू नकोस.

ताई: नाही हलवणार. थांब, मॅडमचा फोन आहे, स्पीकरवर घेते. बोला मॅडम, झालं का?

मॅडम: आत्ताच संपलं. तुमच्या कानावर घालावं म्हणून केला. बहुतेकांनी निरोप दिलाच नाही. म्हणाले, आख्खी फेरी वाया जाते. काहींनी दिला. त्यातल्या एका टेबलावर पूल पडला, गाव गेलं, आणि तिथे बरीच वादावादी झाली.

ताई: म्हणजे तुमचे वरिष्ठ म्हणत होते तेच खरं झालं.

मॅडम: तिथे झालं. दुसऱ्या एका टेबलावर इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्सबाई सेनापती होत्या. निरोप द्यायचा की नाही, यावर इतका वेळ बसल्या की बाकीचे कंटाळून गेले. शेवटी दिला. आणि पूलही राखला, अगदी थोडक्यात.

ताई: निरीक्षक काय म्हणाले?

मॅडम: त्यांनी विचारलं, हा नियम कुणाचा. मी म्हटलं, माझा.

ताई: मॅडम, असं कशाला केलंत?

मॅडम: खोटं नाही ते. मूळ माझाच होता. सोमवारी भेटायला बोलावलंय. काय व्हायचं ते होईल. खेळ मात्र आमच्याकडे बंद झाला, ते तुम्हाला आधीच सांगितलं होतं.

ताई: सांगितलं होतं. वाईट वाटतंय, पण सांगितलं होतं.

मॅडम: आता एकच राहिलं. नर्सबाई विचारत होत्या, निरोप पोचल्यावर ठाण्यानं मागे फिरायलाच हवं का? इतरांनीही तेच विचारलं. उद्या सुधारलेले नियम परिषदेतल्या सगळ्यांना जातील. काय लिहू?

ताई: मागे फिरायलाच हवं. त्याचसाठी तर एवढा खटाटोप केला.

मॅडम: पाहुणे आहेत का तिथे?

बारक्या: आहे, मॅडम.

मॅडम: तुमचं काय म्हणणं?

बारक्या: ताई, ते वाक्य काढायला सांग.

ताई: काढलं तर तू थांबशील. मी काय तुला ओळखत नाही?

बारक्या: थांबेन, नाहीतर फिरेन. वेळ येईल तशी.

ताई: मग त्या जागी मॅडमनी लिहायचं काय?

बारक्या: काही नको. ते आमचं आम्ही ठरवू.