मशीन दारात, मी आत

नका हसू. अन् माह्या हाताकडं त बिलकुल पाहू नका, हाताची गोष्ट मांगून सांगतो, आधी खिडकीतून जरा बाजूले सरका, हवा येऊ द्या... सकाळी नऊपासून मशीन दारात, मी आत!

तुम्हाले सांगतो, तीस वर्षं दारव्ह्याच्या जिनिंगात टर्नर होतो. पुंडलिकराव म्हणलं की लोकं म्हणत, या माणसाचं काम एक सूत इकडंतिकडं होत नाही. रिटायर झालो, घरामांगं ही खोली बांधली, एक दार, एक गजाची खिडकी, अन् जुनी लेथ, लोखंड कातायची मशीन, पाह्यत फिरलो. भेटली वणीले, बाबूसिंगच्या बंद पडलेल्या कारखान्यात. कोळशाची धूळ बसून काळी ठिक्कर, पण तिचा चक, काम पकडाचं चाक, फिरवला त असा लोण्यासारखा फिरला की मोजमापाचं भानच नाही राह्यलं. घरी येऊन दार मोजलं अन् फोन लावला, बाबूसिंग, मशीन रुंदीले किती? तो म्हणे, "साडेतीन वीत, भाऊ." अन् माहं दार पुरे चार वीत! अर्धी वीत मोकळी! आता तुम्ही म्हणसान, टेप काहून नाही लावला? सारा मोहल्ला सकाळपासून तेच विचारून राह्यला. अरे, बाबूसिंगचा पंजा पाह्यला का तुम्ही? फावड्याएवढा आहे. अन् हा माहा हात पहा... नाही, नका पाहू.

टेम्पोतून उतरवली, खाली पाइप टाकले, चार जण बाहीरून लोटत, मी आतून सब्बल लावून उभा. मशीनचं मुंडकं आत आलं अन् कंबर अडकली. बरं, सारे म्हणे, मांगं घ्या. तेवढ्यात आमची बायको, शकुबाई, ताट घेऊन आली, मुहूर्त होता ना नऊचा! हळद, कुंकू, हार, नारळ, सारं केलं, अन् म्हणते, लक्ष्मी उंबरठ्यावर आली, आता मांगं लोटाची नाही. म्हणलं, ठीक आहे, मी वरून चढून येतो. त म्हणते, "पूजलेल्या लक्ष्मीवर पाय देता?"

आता माह्यानंच कसं होईन ते? तीस वर्षं मशीनले चुकून पाय लागला तरी हात लावून डोळ्याले लावला आहे. म्हणजे मांगं नाही, पुढं नाही, वरून नाही! लोटणारे चहा पिऊन येतो म्हणून गेले, ते अजून चहाच पिऊन राह्यले. मशीन दारात, मी आत!

अन् आजच, बरं का, आजच चार वाजता आमच्या पोरीचं, अपेक्षाचं साक्षगंध, साखरपुडा! माहा जीव नुसता खालवर. पोरीचा बापच नाही दिसला त पाहुणे काय समजतीन, जुळलेलं मोडून जातीन का... आले यवतमाळचे पाहुणे. व्याह्यानं विचारलं, पुंडलिकराव दिसून नाही राह्यले? अन् आमची पोरगी, भोळी ते भोळी, सरळ सांगते, "बाबा आत आहेत."

आत! तुम्हीच सांगा, नव्या पाहुण्याले काय वाटन? त्यायचा चेहराच उतरला. कोणीतरी त्यायले खिडकीपाशी आणलं, त मी गज धरून उभा! व्याही जवळ आले अन् हळूच विचारते, "जमानत नाही झाली का?"

सारं सांगितलं. रडाले आलो होतो, खोटं कायले बोलू. व्याही दाराकडं गेले, मशीनकडं पाह्यलं, हाराकडं पाह्यलं, वापस आले. म्हणे, "दिवसभर कोंडून राह्यले, पण मशीनले पाय नाही लावला. या घरची पोरगी आम्हाले पक्की." पाणी आलं हो डोळ्यात. जावयाले टिळा मी गजातूनच लावला.

तठीच गप बसाचं होतं ना? पण व्याह्यानं जाताजाता विचारलं, लग्नाच्या मांडवाचं दार केवढं ठेवसान? अन् मी, खुशीखुशीत, सवयीनं, गजातून कोपराच्या वरपर्यंत हात बाहीर काढला, अंगठा ताणला, करंगळी ताणली, म्हणलं, चांगलं वीस वीत ठेवू... तवापासून कोपर गजात अडकलं, हात वापस येऊन नाही राह्यला.

मशीन दारात, मी आत, हात बाहीर. शकुबाई तेल आणाले गेली आहे. तुम्ही आलेच आहा त एक काम करा, दोन गजायमधलं अंतर मोजा.

वितीनं नका मोजू.